वाचकांच्या शंका : 'पुट ऑफ', 'टेबल' आणि पुढे-मागेचा घोळ

प्रश्न : कार्यालयीन पत्रांत 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' हे दोन्ही मी 'बैठक होणार नाही' एवढ्याच अर्थाने वापरत आलो आहे. परवा साहेबांनी माझा मसुदा परत पाठवला आणि त्यातील 'पुट ऑफ इट' यावरही लाल रेघ ओढली. नेमके काय चुकले? (एक वाचक, सातारा)

उत्तर : 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे. पहिले वाचणारा नव्या तारखेची वाट पाहत राहील, तर दुसरे वाचणारा तो विषय संपला असे समजेल. 'पुट' आणि 'ऑफ' यांचे अर्थ शब्दकोशात वेगवेगळे पाहून हा फरक हाती लागत नाही. मराठी माणसाला याचे नवल वाटायला नको, कारण 'सांगून टाकले', 'सांगून बसला' आणि 'सांगून ठेवले' यांत कोणी काही टाकत नाही, बसत नाही की ठेवत नाही. तरीही पहिल्यात मन मोकळे केल्याचा, दुसऱ्यात नको ते बोलून गेल्याचा आणि तिसऱ्यात पुढची तजवीज केल्याचा भाव आपण न शिकता ओळखतो. आपल्याकडे हे काम दुसरे क्रियापद करते, तर इंग्रजीत 'ऑफ', 'आउट', 'अप' असे चिमुकले शब्द करतात.

आता लाल रेघेविषयी. 'पुट ऑफ द मीटिंग' आणि 'पुट द मीटिंग ऑफ' ही दोन्ही रूपे बरोबर आहेत; मात्र नामाच्या जागी 'इट' किंवा 'देम' असे सर्वनाम आले, की ते मध्येच बसवावे लागते : 'पुट इट ऑफ', 'कॉल इट ऑफ'. हा नियम सरसकट लागू नाही. 'लुक आफ्टर हर' हेच बरोबर. 'लुक हर आफ्टर' असे कोणी म्हणत नाही. 'सहन करणे' या अर्थाचे 'पुट अप विथ' हेही असेच न तुटणारे आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी शब्दकोशांत 'समथिंग' हा शब्द नेमका कोठे छापला आहे हे पाहिले, तर क्रियापद तुटते की नाही हे कळते. दुर्दैवाने आपण तेवढेच वाचायचे सोडतो.

एक खाचखळगा खास मराठी माणसासाठी आहे. आपण तारीख 'पुढे' ढकलतो तेव्हा ती लांबते, पण इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हटले की ती अलीकडे येते. भारतात रुळलेला 'प्रीपोन' हा शब्द मला सोयीचा वाटतो आणि येथे तो सर्वांना कळतोही. परदेशी पत्रात मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' किंवा थेट नवी तारीख लिहावी.

प्रश्न : अमेरिकेतील सहकाऱ्यांसोबतच्या बैठकीत 'लेट्स टेबल इट' असे ठरले. आम्ही चर्चेच्या तयारीत होतो, पण त्यांनी विषयच बदलला. असे का झाले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ब्रिटनमध्ये 'टेबल' करणे म्हणजे विषय चर्चेला मांडणे, तर अमेरिकेत तो बाजूला ठेवणे. आपल्या विधिमंडळात कागदपत्रे 'पटलावर ठेवली' जातात, ती ब्रिटिश वळणाने. म्हणून आपला समज तसा होणे स्वाभाविक आहे. आपण चांगल्या पंगतीत आहात : दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश-अमेरिकी लष्करी खलबतांत याच शब्दावरून लांबलचक आणि कडवट वाद झाला आणि दोन्ही पक्षांना एकच गोष्ट हवी आहे हे फार उशिरा लक्षात आले, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवले आहे. दोन्ही देशांचे लोक बैठकीत असतील, तर 'डिस्कस नाऊ' किंवा 'पोस्टपोन' असे सरळ शब्द वापरावेत.

प्रश्न : शोकसंदेशात 'किक्ड द बकेट' लिहिले तर चालेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मुळीच नाही. मराठीत शोकसभेत 'ते गचकले' म्हणण्यासारखेच ते होईल. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली बाजारू इंग्रजीचा जो कोश काढला, त्यातही हा वाक्प्रचार आहे, आणि त्याचा थट्टेचा सूर आजही गेलेला नाही. शिवाय तो जसाच्या तसाच वापरावा लागतो. 'द बकेट वॉज किक्ड' असे कर्मणी रूप केले, तर कोणी तरी खरोखरच बादलीला लाथ मारली असा अर्थ होतो. शोकसंदेशात 'पास्ड अवे' लिहावे, किंवा साधे 'डाइड'.