चक्कर आली की डोळ्यांचा व्हिडिओ काढून ठेव
चक्कर कानामुळे येत असेल तर त्या कानाचा न् डोळ्यांचा काय संबंध असं मलाही वाटायचं, पण आतल्या कानातल्या 3 अर्धवर्तुळाकार नळ्यांमुळेच डोकं हललं तरी नजर स्थिर राहते, आणि एका कानाचा सिग्नल बिघडला की डोळे हळू सरकतात नि झटक्यात परत येतात, तोच निस्टॅग्मस. बीपीपीव्हीत (डोक्याची स्थिती बदलली की आतल्या कानामुळे थोडा वेळ येणारी चक्कर) तो कूस बदलल्यावर काही सेकंदांनी सुरू होतो, बहुतेकदा 1 मिनिटाच्या आत थांबतो. माझं बुबुळ गोल फिरल्यासारखं थरथरत होतं, बायकोने मोबाईलवर काढलं, डॉक्टरांना तेच फार उपयोगी पडलं. एपली मॅन्युव्हर (या चक्करेवर डोकं ठरावीक क्रमाने वळवायचा उपचार) मात्र कोणता कान ते कळल्याशिवाय घरी करू नकोस प्लीज. आणि बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, उभंच राहता येईना तर व्हिडिओ वगैरे सोड, थेट इमर्जन्सीत जा.