राहिलेल्या आठ मॅच आणि माजी सरपंचांच्या घरची ट्रॉफी

या खेपेला फुटबॉलची पत्रं बरीच आली, आणि गंमत म्हणजे बहुतेकांचं दुखणं एकच, कोरोनात अर्धवट राहिलेल्या स्पर्धेचं आता काय करायचं. त्यातली चार घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलंय, चालवून घ्या.

प्रश्न : भाऊ नमस्कार. आमच्या इकडं आठ गावायची फुटबॉल लीग होती, २०२० च्या फेब्रुवारीत सुरू केली, उन्हं तापाच्या आधी संपवून टाकू म्हटलं होतं. २८ पैकी २० मॅच झाल्या अन् मार्चमधे कोरोना आला, सगळं बंद. गोलपोस्टच्या बल्ल्या पोट्ट्यायनं उपटून वेशीवर रस्ता अडवाले लावल्या, अन् झेडपीच्या शाळेत पुण्या-मुंबईहून आलेले लोक ठेवले होते त मैदानाकडं कोणी फिरकेच ना. आता भानगड अशी हाये का शेजारचं गाव ६ मॅचमधे १४ पॉइंट घेऊन एक नंबरवर हाये, आमचे ५ मॅचमधे १३. आमची-त्यायची मॅच झालीच नाई. ते म्हणते ट्रॉफी आमची, आमचे पोट्टे म्हणते सरासरी काढा. तेव्हापासून या भांडणात एकही लीग झाली नाई, ट्रॉफी माजी सरपंचायच्या घरी टीव्हीच्या बाजूले पडून हाये. आता काही जण म्हणते दिवाळीनंतर राहिलेल्या ८ मॅच खेळून घ्या अन् विषय मिटवा. आमचा स्ट्रायकर चाकणले कंपनीत लागला, अन् त्यायच्या टीममधे आता जे पोट्टे हायेत ते तवा पाचवीत होते. खेळाव का नाई?
— एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी सरळ सांगतो, त्या ८ मॅच खेळू नका. म्हणजे फुटबॉल खेळा, दिवाळीनंतर नवीन लीग बिनधास्त भरवा, पण २०२० चं टेबल पुढं ठेवून त्यात आजचे गोल मिळवू नका.

तुमची जशी केस आहे ना, हुबेहूब तशीच इंग्लंडमधे बायकांच्या सगळ्यात वरच्या लीगमधे झाली, त्याच वर्षी. मँचेस्टर सिटी १६ मॅचमधे ४० पॉइंट, चेल्सी १५ मॅचमधे ३९. सिटी एका पॉइंटनं पुढं पण एक मॅच जास्त खेळून. सीझन तिथंच थांबवला आणि जूनमधे दर मॅचमागे पॉइंट काढले तर चेल्सी २.६, सिटी २.५, ट्रॉफी चेल्सीला गेली. तुमचेही २.६ येतात आणि शेजाऱ्यांचे २.३३, हे पाहून तुमचे पोट्टे नाचतील मला माहीत आहे, पण थांबा जरा. चेल्सी आणि सिटी त्या सीझनला आपसात दोन्ही मॅच खेळून बसल्या होत्या, तुम्ही एकही नाही. आठ टीमच्या लीगमधे तुमच्या दोन राहिल्या, त्यांची एकच राहिली आणि ती तुमच्याशीच. म्हणजे सरासरी तुम्हाला सगळ्यात अवघड मॅच न खेळताच चॅम्पियन करून राहिली. मी शेजारच्या गावचा असतो तर ऐकून घेतलं नसतं. आणि नुसते पॉइंट पाहून त्यांना ट्रॉफी दिली तर तुमच्या हातातल्या दोन मॅच मातीत, तेही तुम्ही काऊन ऐकाल?

मोठ्या मोठ्या देशांनाही यावर एक उत्तर सापडलं नाही. फ्रान्समधे २८ एप्रिल २०२० ला पंतप्रधानांनीच सांगून टाकलं की सप्टेंबरपर्यंत खेळ नाही, मग लीगनं सरासरी काढली, पीएसजी चॅम्पियन, अमियाँ आणि तुलूझ खालच्या डिव्हिजनमधे. हे क्लब कोर्टात गेले, कोर्टानं खाली ढकलणं थांबवलं, लीगनं परत मत घेतलं आणि शेवटी ढकललंच. हॉलंडनं उलटं केलं, अयाक्स आणि एझेड दोघांचे ५६-५६ पॉइंट होते तर चॅम्पियन कोणीच नाही, खाली कोणी नाही, वरही कोणी नाही. खालच्या डिव्हिजनमधे कँबूर पहिल्या नंबरवर होतं, वर जायची पूर्ण तयारी, ते बिचारे तिथंच राहिले. जर्मनी मात्र १६ मे लाच रिकाम्या स्टेडियममधे परत खेळायला लागली. आणि आपल्याकडं आय-लीगमधे प्रश्नच आला नाही, मोहन बागाननं १० मार्चलाच, चार मॅच हातात असताना, कोणी गाठूच शकणार नाही इतके पॉइंट करून ठेवले होते, त्यामुळं एप्रिलमधे राहिलेल्या २८ मॅच रद्द झाल्या तरी चॅम्पियन कोण यावर भांडण नव्हतं. तुमच्याकडं एक पॉइंटचं अंतर आहे भाऊ, तिथं चार मॅचचं होतं.

मला यातून जे दिसते ते असं की कोणता हिशोब न्यायाचा हे टेबल पाहून ठरवायला बसले की प्रत्येकाला आपल्या फायद्याचाच हिशोब न्यायाचा वाटते. इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबच्या उपाध्यक्षबाईंनी मार्चमधेच पेपरात लिहिलं की अख्खा सीझन रद्द करा. तेव्हा वेस्ट हॅम १६ व्या नंबरवर होतं, खालच्या दोन टीमचे आणि त्यांचे पॉइंट सारखे, २७-२७-२७. आता बाई खोटं बोलत होत्या असं मी म्हणत नाही, पण त्या पाचव्या नंबरवर असत्या तर लिहिलं असतं काय? तुमच्या गावात सरासरी कोण मागतंय आणि नुसते पॉइंट कोण मागतंय ते पाहा, तेच आहे.

आता म्हणाल मग मैदानावरच फैसला होऊ द्या, खेळून घ्या, सगळ्यात सच्चं. मलाही आधी असंच वाटायचं. तर ऐका. प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची पुरुषांची सगळ्यात वरची लीग, तीन महिन्यांनी १७ जूनला परत सुरू झाली, पहिलीच मॅच ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड. शेफील्डची फ्री किक व्हिलाच्या गोलकीपरनं पकडली आणि बॉल घेऊन तो सरळ लाइनच्या आत गेला, सगळ्या जगाला टीव्हीवर दिसलं, पण कॅमेऱ्यांवरून गोलची खूण देणाऱ्या रेफरीच्या घड्याळानं गोल दाखवलाच नाही कारण कॅमेऱ्यांच्या समोर माणसं आडवी आली होती, सातही कॅमेरे झाकले गेले. मॅच ०-०, व्हिलाला एक पॉइंट. जुलैच्या शेवटी व्हिला ३५ पॉइंटवर वाचली आणि बोर्नमाउथ, वॉटफर्ड ३४ वर खाली गेले. तो गोल दिला असता तर व्हिलाही ३४ वर राहिली असती आणि गोलफरकानं (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) बोर्नमाउथ वाचलं असतं. म्हणजे एवढा पैसा, एवढ्या टेस्टिंग करून खेळून घेतलं तरी फैसला एका झाकलेल्या कॅमेऱ्यावर आला.

आणि त्यांची तर तीच माणसं होती. तरी बोर्नमाउथचा रायन फ्रेझर ३० जूनला करार संपला तसा गेला निघून, शेवटच्या मॅच त्याच्याशिवाय खेळल्या. फिफाला एप्रिलमधेच सांगावं लागलं होतं की करार सीझन संपेपर्यंत वाढवून घ्या, पण वाढवायचा की नाही ते खेळाडूच्या हातात. तीन महिन्यांत एवढं, तुमच्याकडं तर तेव्हाचे पाचवीतले पोट्टे आता मिशा फुटून सेंटर फॉरवर्ड खेळून राहिले. त्या गावची जर्सी तीच, पण २०२० मधे १४ पॉइंट कमावले ते खेळाडू हे नव्हेतच. मग २०२० चा चॅम्पियन कोण हे यांच्या खेळावरून कसं ठरवता?

म्हणून थांबवा. पण पुसू नका, आणि या दोन गोष्टींत फार फरक आहे. इंग्लंडमधे खालच्या खालच्या लीग होत्या तिथं सगळे निकालच खोडून टाकले, जणू खेळलेच नाही. जर्सी बुल्स नावाची टीम २७ पैकी २७ मॅच जिंकून बसली होती, सगळं शून्य. मला विचाराल तर त्या सगळ्या गोंधळात एवढा वाईट निर्णय दुसरा नाही. तुमच्या वहीत सरळ लिहा, स्पर्धा २० मॅचनंतर बंद, टेबल असं असं, विजेता नाही. सगळ्यात जास्त गोल कोणाचे तेही लिहा, चाकणवाल्याचं नाव असेल तर त्याला फोटो काढून पाठवा. ट्रॉफीवर २०२० चं नाव कोरू नका, नवीन लीगच्या विजेत्याला तीच द्या. आणि नवीन लीगची पहिलीच मॅच तुमची आणि शेजाऱ्यांची ठेवा, अख्खा तालुका येईल बघायला.

फक्त एक करा, पहिली मॅच सुरू व्हायच्या आधी, टेबल कोरं असताना, आठही गावच्या कॅप्टनच्या सह्या घेऊन कागदावर लिहा की मधेच बंद पडलं तर काय करायचं. किती मॅच झाल्या तर सरासरी धरायची, किती झाल्या नाही तर विजेता नाही. आकडा कोणताही घ्या, आधी घ्या म्हणजे झालं.

प्रश्न : सर मी लिव्हरपूलचा फॅन आहे. हॉस्टेलचे पोट्टे २०२० च्या टायटलला अजून कोरोना कप म्हणून चिडवतात. काय सांगू यांना?
— वणी

उत्तर : १३ मार्चला लीग थांबली तेव्हा लिव्हरपूल २९ मॅचमधे ८२ पॉइंट, दुसऱ्या नंबरच्या मँचेस्टर सिटीपेक्षा (पुरुषांची टीम) २५ पुढं. दोन मॅच जिंकल्या की विषय संपला, एवढंच राहिलं होतं. २५ जूनला चेल्सीनं सिटीला २-१ हरवलं आणि लिव्हरपूल घरबसल्या चॅम्पियन, शेवटी ९९ पॉइंट. कोरोना कपच म्हणायचा तर उलटं म्हणा, कोरोनामुळं ३० वर्षांनी आलेली ट्रॉफी रिकाम्या स्टेडियममधे उचलावी लागली. ज्याला खरंच हळहळायचं त्यानं ब्लॅकपूलसाठी हळहळावं, १९३९ मधे महायुद्ध सुरू झालं तेव्हा तीनपैकी तीन मॅच जिंकून ते पहिल्या नंबरवर होते, लीग रद्द झाली आणि वरच्या डिव्हिजनचं टायटल त्यांना आजपर्यंत मिळालं नाही. आणि हो, चिडवणारा मँचेस्टर युनायटेडवाला असेल तर फार मनावर घेऊ नको, त्यांचं कामच ते.

प्रश्न : मी अचलपूर तालुक्यातली आहे. आमच्याकडे १७ वर्षांखालच्या मुलींची तालुक्याची स्पर्धा फेब्रुवारी २०२१ मध्ये चालू होती, आमची टीम फायनलला आली आणि २२ तारखेपासून जिल्ह्यात परत लॉकडाऊन लागला. फायनल झालीच नाही. पुढच्या वर्षी मी वयात बसत नव्हते. आता नर्सिंगला आहे. फायनल परत घ्या म्हणून मागणी करता येईल का? सर्टिफिकेट तरी मिळेल का?

उत्तर : ताई, फायनल मिळणार नाही, खोटी आशा लावत नाही. आर्णीच्या भाऊंना सांगितलं की थांबवा आणि नवीन सुरू करा, पण ते म्हणणं मोठ्या माणसांच्या स्पर्धेला सोपं, वयाच्या स्पर्धेत नवीन सुरू झालं की आधीचे बाहेर. तुझ्यासारख्या अजून किती तरी आहेत. १७ वर्षांखालच्या मुलींचा वर्ल्ड कप नोव्हेंबर २०२० मधे भारतात होणार होता, २००३ मधे किंवा त्यानंतर जन्मलेल्या पोरींसाठी. तो आधी २०२१ वर ढकलला, मग रद्दच केला आणि भारताला २०२२ चा दिला, भुवनेश्वर, गोवा, नवी मुंबईत झालाही, पण त्यात २००५ मधल्या किंवा त्यानंतरच्याच पोरी खेळू शकत होत्या. ज्यांनी २०२० साठी कॅम्प केले, घर सोडून राहिल्या, त्यातल्या मोठ्या पोरींनी तो टीव्हीवर पाहिला. फिफाला वयाची अट दोन वर्षं सरकवता आली असती असं मला अजून वाटते, ऑलिंपिकच्या पुरुष फुटबॉलमधे तसं केलंच होतं, २३ ची अट २४ केली कारण स्पर्धा वर्षभर पुढं गेली. पोरींसाठी कोणाला सुचलं नाही.

सर्टिफिकेटचं मात्र होऊ शकते. फायनलपर्यंत पोचल्याचं, ज्या मॅच झाल्या त्यांच्या निकालासह, आयोजकांकडून लिहून माग. विजेते किंवा उपविजेते लिहू नका म्हणावं, दोन्ही खोटं होईल. 'अंतिम फेरीत प्रवेश, अंतिम सामना झाला नाही' एवढं लिहिलं आणि सही-शिक्का-तारीख असली की झालं. दुसऱ्या टीमच्या पोरींनाही सांग, सगळ्यांनी मिळून मागितलं तर आयोजकाला टाळता येत नाही.

प्रश्न : आमची स्पर्धा २०२० मधे अर्धी राहिली. टीमची एंट्री फी घेतली होती, त्यातून चुना, जाळ्या, दोन बॉल, माइकवाला असा खर्च झाला. बक्षिसाचे ११,००१ एका बियाणेवाल्या दुकानदारानं दिले ते कमिटीकडे तसेच आहेत. काही टीम फी परत मागतात. पंचांचंही मानधन राहिलं. कोणाला काय द्यायचं?
— ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर

उत्तर : सगळ्यात आधी पंचांना द्या. ज्या मॅच झाल्या त्या मॅचचे, पूर्ण. ते उन्हात धावले, शिव्याही खाल्ल्या, स्पर्धा संपली का नाही याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

मग खर्चाचा कागद करा, चुन्यापासून माइकवाल्यापर्यंत, आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. फीमधून खर्च आणि पंच वजा जाऊन जे उरेल ते सगळ्या टीमला सारखं, कोण कितव्या नंबरवर होतं ते पाहू नका. आय-लीगनंही असंच केलं, चॅम्पियनचं बक्षीस वेगळं काढून बाकीची रक्कम उरलेल्या १० क्लबमधे सारखी वाटली. फार काही उरणार नाही, शंभर-दोनशे येतील टीममागे, पण हिशोब दिसला की माणूस गप बसतो. जाळ्या आणि बॉल मात्र वाटू नका, नवीन स्पर्धेला लागतील, उंदरांनी ठेवले असतील तर.

ते ११,००१ फीमधे मिसळू नका, ते टीमचे नाहीत आणि कमिटीचेही नाहीत. वर सांगितलं त्या चेल्सीच्या बायकांच्या क्लबनं बक्षिसाची रक्कम घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिली, तसंही करता येते, पण आधी दुकानदाराला जाऊन विचारा, इतक्या वर्षांत कोणी विचारलं नसेल. बँकेत असतील तर व्याजही सांगा त्याला. तो परत घेईल नाही तर पुढच्या स्पर्धेला ठेवा म्हणेल, आणि ठेवा म्हणाला तर त्याचं नाव या वेळी बॅनरवर जरा मोठं टाका.