अंग बाहेर येतंय, ऑपरेशन रोबोटने की दुर्बिणीने?

प्रश्न: डॉक्टर, आईचं वय ६४. पिशवी काढून बरीच वर्षं झाली, आणि आता अंग बाहेर येतंय, संध्याकाळपर्यंत जास्तच, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही म्हणते. एक डॉक्टर म्हणाले दुर्बिणीने जाळी लावू, दुसरे म्हणतात रोबोटनेच करा, पण खर्च बराच जास्त आहे. स्वस्तातलं निवडलं तर आईवर अन्याय होईल का? आणि जाळीवर बंदी आलीये म्हणे?

उत्तर: ताई, अन्यायाचं आधी डोक्यातून काढा. दोघंही डॉक्टर बहुतेक एकाच ऑपरेशनबद्दल बोलतायत, सॅक्रोकोल्पोपेक्सी. पोटावर चार-पाच बारीक छेद देऊन आत जायचं, योनीच्या वरच्या टोकाला पुढून-मागून जाळीची पट्टी शिवायची आणि तिचं दुसरं टोक मणक्याच्या खाली जे त्रिकोणी हाड असतं त्याच्या पुढच्या चिवट पडद्याला पक्कं करायचं. आत होतं ते हेच, मशीन कुठलंही असो.

रोबोट स्वतःहून काही करत नाही हो, डॉक्टर त्याच खोलीत कन्सोलवर, म्हणजे पडदा आणि दांडे असलेल्या टेबलासारख्या यंत्रावर बसून त्याचे हात चालवतात. दुर्बिणीची हत्यारं सरळ असतात, ओटीपोटाच्या तळाशी त्यांनी टाके घालायला शिकायला खूप वेळ लागतो. रोबोटची टोकं मनगटासारखी वळतात, थ्रीडी दिसतं, हाताची थरथर गाळली जाते, त्यामुळे टाके सोपे जातात आणि डॉक्टरांची मान-पाठही वाचते. म्हणजे सोय झाली ती मुख्यतः डॉक्टरांची, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेत ७८ बायकांची दोन गटांत वाटणी करून एक अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला, त्यात रोबोटला सरासरी तासाभराहून जास्त वेळ लागला, नंतरचं दुखणंही जास्त होतं, खर्च जास्त, आणि वर्षभराने तपासलं तर अंगाला मिळालेला आधार दोन्हीकडे सारखाच. अर्थात तिथले सर्जन दुर्बिणीत मुरलेले होते हेही लक्षात घ्या. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, हे ऑपरेशन तुम्ही महिन्याला किती करता आणि कशाने करता? जो रोज रोबोटवर टाके घालतो पण दुर्बिणीने क्वचितच, त्याच्याकडे खर्चासाठी दुर्बिणीचा हट्ट धरू नका, आणि याच्या उलटही तेवढंच खरं.

जाळीचं म्हणाल तर एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अंग बाहेर येण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवली. पोटातून बसवायची जाळी त्यात नव्हती. तरी काही जणींना पुढे जाळी योनीत उघडी पडते, पाणी किंवा रक्त जातं, तंबाखू-सिगारेट असेल तर हा धोका वाढतो, तेव्हा ऑपरेशन झालं म्हणून तपासणी सोडू नका.

आता लघवीचं, कारण हे बऱ्याचदा कुणी आधी सांगतच नाही. अंग खाली आलं की लघवीची नळी दुमडते, म्हणून पूर्ण होत नाही. ते वर बांधल्यावर नळी मोकळी होते आणि काही जणींना मग खोकताना, शिंकताना लघवी गळायला लागते, जी आधी दबून होती. अंग आत ढकलून धरून खोकायला लावलं की हे बऱ्याचदा आधीच कळतं, ही तपासणी करून घ्या. आणि आईला ऑपरेशन नकोच वाटत असेल तर रिंग पेसरी, म्हणजे अंगाला वर धरून ठेवणारी योनीत बसवायची रिंग, बसवून बघता येते, ती नीट बसली तर घाई करायचं काही कारण नाही.