शिडाच्या बोटीवर टीव्हीचा अँटेना : मास्टच्या टोकावर नकोच

अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला 34 फुटी बोट घेतलीत, आधी अभिनंदन! तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की या सीझनला शनिवार-रविवार चेसापीक बेमध्ये, म्हणजे तिथल्या उपसागरात, नांगर टाकून राहायचंय, सासरे भारतातून येणारेत आणि त्यांना संध्याकाळी टीव्ही लागतो, दुकानदार म्हणतोय मास्टच्या, म्हणजे शिडाच्या उंच खांबाच्या, टोकावर गोल थाळीवाला अँटेना आणि सोबत सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर लावा, आणि घरी केबलवाल्याने सोडून दिलेली आरजी-6 केबलची गुंडाळी पडलीय ती चालेल का. तर गोल अँटेना बरोबर, टोक चूक, अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक लागणारच नाही आणि ती गुंडाळी घरीच राहू द्या.

उंचीचं आधी बोलू कारण सगळे तिथेच अडकतात. जितकं उंच तितकं बरं हे खरंच आहे, पण किती बरं ते कुणी मोजत नाही. रेडिओ क्षितिजाचा, म्हणजे पृथ्वीच्या वळणामुळे सिग्नल किती लांब पोचतो त्याचा, सोपा हिशोब आहे, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. तुमचा मास्ट साधारण 15 मीटर धरला तर झाले 16 किमी. समोरचा टॉवर 300 मीटरचा असेल तर त्याचे 71. बेरीज 87. आता तोच अँटेना मागच्या रेलिंगला पाइप लावून पाण्यापासून 4 मीटरवर बसवा, तुमचे होतात 8, बेरीज 79. म्हणजे एवढं वर चढून, केबल मास्टमधून ओढून, कमावलं काय तर 8 किमी! क्षितिजाचं खरं काम टॉवर करतो, आपण नाही. बाल्टिमोरच्या टीव्ही हिलवरचा टॉवर जवळजवळ 1000 फुटांचा आहे, आणि अ‍ॅनापोलिसहून बाल्टिमोर काय किंवा वॉशिंग्टन काय, दोन्हीकडचे टॉवर पंचवीस-तीस मैलांच्या आसपास येतात. म्हणजे तुम्ही आरामात आत आहात. झाडी आणि किनाऱ्यावरची घरं आड येतात हे मान्य, खाडीत आत घुसून नांगर टाकलात तर फरक पडेलच, पण त्यासाठी पूर्ण मास्ट लागत नाही.

आणि टोकावर आधीच काय काय आहे ते बघा. व्हीएचएफ रेडिओचा (बोटीवरून बोलायचा रेडिओ) अँटेना, वाऱ्याचं यंत्र, अँकर लाइट (नांगरावर असताना लावायचा दिवा). तुमचा व्हीएचएफ 25 वॉट फेकतो, 156 मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच्या शेजारी फूटभरावर टीव्हीचा नाजूक अ‍ॅम्प्लिफायर बसवला तर प्रत्येक वेळी माइक दाबला की चित्र जाणार हे नक्की, कधी अ‍ॅम्प्लिफायरही कायमचा जाईल. शिवाय व्हीएचएफच्या शेजारी धातूचं काही उभं केलं की त्याचाही रेडिएशनचा पॅटर्न बिघडतो. टोकाची जागा व्हीएचएफची, ती त्यालाच राहू द्या, अडचणीत कोस्ट गार्डशी बोलायला तोच आहे. व्हीएचएफच्याच अँटेनातून स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा) लावून टीव्ही चालतो असंही कुणीतरी सांगेल, अजिबात ऐकू नका. साध्या टीव्ही स्प्लिटरमधून ट्रान्समिट केलंत तर टीव्ही जाईल, आणि तसंही व्हीएचएफचा अँटेना उभा असतो तर अमेरिकेत टीव्हीचा सिग्नल मुख्यतः आडव्या पोलरायझेशनचा असतो.

गोल अँटेना का बरोबर ते सांगतो. घराच्या छतावरचा काटेरी अँटेना एका दिशेला जास्त ताकदवान असतो, पण नांगरावरची बोट वाऱ्याबरोबर आणि भरती-ओहोटीबरोबर फिरत राहते, संध्याकाळी बाल्टिमोरकडे तोंड केलेला अँटेना रात्री दहाला पूर्वेच्या केंट आयलंडकडे बघत असतो. त्यात तुमच्याकडे दोन शहरं दोन दिशांना, बाल्टिमोर उत्तरेच्या बाजूला आणि वॉशिंग्टन पश्चिमेला. म्हणून सगळीकडून घेणारा. फक्त एक बघा, फार छोटी थाळी घेऊ नका. 2009 च्या जूनमध्ये मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग बंद झालं तेव्हा लोकांना वाटलं आता सगळं यूएचएफ या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, पण वॉशिंग्टनचे 7 आणि 9, बाल्टिमोरचे 11 आणि 13 हे आजही त्याखालच्या व्हीएचएफ पट्ट्यातच आहेत (नाव बोटीच्या रेडिओसारखंच, पण हे टीव्हीचे चॅनल), म्हणजे एबीसी, सीबीएस, एनबीसी ही मोठी नेटवर्क सगळी त्यात आली. त्या पट्ट्यात अर्ध्या तरंगाची लांबी पाऊण मीटरच्या घरात जाते, त्यामुळे जेवणाच्या ताटापेक्षा लहान थाळीला तिथे फारसं काही सापडत नाही. डब्यावर ‘एचडी’, ‘150 मैल’ असलं काय काय छापलेलं असतं, ते सोडा, हाय-व्हीएचएफ, म्हणजे हे 7 ते 13 चॅनल, घेतो का तेवढं विचारा.

डोलण्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेतलं जुनं डिजिटल टीव्हीचं मानक, एटीएससी 1.0, हलत्या रिसीव्हरसाठी बनलेलंच नाही, सिग्नल थेट आला आणि शेजारच्या बोटींच्या मास्टांवरून आपटूनही आला आणि वर बोट हलतेय, की टीव्ही गोंधळतो. एखादी पॉवरबोट लाट मारून गेली की मास्टचं टोक चांगलं दोन-तीन फूट इकडून तिकडे जातं, आणि नेमक्या तेव्हाच चित्राचे चौकोन होतात. रेलिंगवरचा अँटेना त्या मानाने खूपच कमी हलतो. युरोपातल्या पद्धतीला हा त्रास कमी होतो, इथलं नवीन एटीएससी 3.0 सुद्धा त्याच जातीचं आहे पण त्यासाठी ट्यूनर वेगळा लागतो, सध्या त्याच्या मागे लागू नका.

आता केबल, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त बोटींवरचा टीव्ही इथेच मरतो. आरजी-6 हा प्रकार बरोबरच आहे, 75 ओहम अवरोधाची, टीव्हीला लागते तीच, व्हीएचएफची 50 ओहमवाली केबल इथे घालू नका. पण घरगुती आरजी-6 मध्ये आतली तार बहुतेक वेळा पोलादाची, वरून तांब्याचा मुलामा, आणि जाळी अ‍ॅल्युमिनियमची. मीठाच्या हवेत ही जोडी टिकत नाही. एखादा दोन सीझन जुना कनेक्टर कापून बघा, आत पांढरी भुकटी निघते, जाळी बोटाने चोळली की सुटून येते आणि मधल्या तारेच्या टोकाला गंज. बाहेरून केबल अगदी नवी दिसते म्हणून कुणाला संशय येत नाही आणि माणूस अँटेना बदलत बसतो. पूर्ण तांब्याची तार आणि कथिल चढवलेली तांब्याची जाळी असलेली घ्या, महाग आहे पण तुम्हाला लागणार किती, रेलिंगपासून केबिनपर्यंत सात-आठ मीटर. यूएचएफवर आरजी-6 शंभर फुटांना साधारण 5 डीबी खाते (डीबी हे सिग्नल घटण्याचं माप, 3 गेले की सिग्नल निम्मा), तुमच्या लांबीला दीडसुद्धा जात नाही. टोकावरून आणली असती तर वीसेक मीटर झाली असती, म्हणजे जवळपास निम्मा सिग्नल केबलमध्येच गेला, मग अ‍ॅम्प्लिफायर लागतोच, दुकानदाराचं गणित तसं जमतं बरं का.

कनेक्टर कॉम्प्रेशनचेच (खास हत्याराने चहूबाजूंनी आवळून बसणारे) लावा, पिळून बसवायचे किंवा पक्कडने दाबायचे नकोत. आत थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, मग वरून स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप, ती ताणून ताणून आणि खालून वर गुंडाळायची म्हणजे प्रत्येक वेढ्याची कड खाली बघते आणि पाणी आत शिरत नाही, आणि तिच्यावर साधी काळी विनाइल टेप कारण रबराच्या टेपला ऊन सोसत नाही. डेकमधून आत जाण्याआधी केबलला खाली एक झोल ठेवा, पाणी तिथून ठिबकून जातं. डेकला भोक पाडणार असाल तर आतला बाल्सा (हलकं लाकूड) किंवा फोम इपॉक्सीने बंद केल्याशिवाय पाडू नका. टीव्हीपायी डेक कुजवलेले लोक आहेत.

अ‍ॅम्प्लिफायर आधी लावूच नका. गढूळ पाणी पंपाने वर चढवलं म्हणून ते गाळलं जात नाही, तसंच आहे ते. सिग्नलबरोबर गोंगाटही चढतो, आणि बाल्टिमोरच्या इनर हार्बरमध्ये टॉवरच्या इतक्या जवळ गेलात की उलटा ओव्हरलोड होऊन असलेले चॅनलही जातात. पुढे कधी दक्षिणेला सॉलोमन्सकडे किंवा त्याहून खाली गेलात आणि गरज पडलीच, तर टीव्हीच्या मागे नाही, अँटेनाच्या बुडाशी लावायचा, केबलने खाण्याआधी. त्याला 12 व्होल्ट केबलमधूनच जातात, म्हणून मध्ये स्प्लिटर असेल तर वीज जाऊ देणारा घ्या, आणि लाइनवर 1 अ‍ॅम्पिअरचा फ्यूज. 608 मेगाहर्ट्झच्या वर आता टीव्ही नाही, 2020 पर्यंत तो भाग मोबाइल कंपन्यांकडे गेला, त्यामुळे एलटीई, म्हणजे मोबाइलचे सिग्नल, अडवणारा फिल्टर असलेलाच बघा.

गोंगाट म्हटला तो मुख्यतः तुमच्याच बोटीत असतो. स्वस्त एलईडी दिवे, सोलरचा कंट्रोलर, यूएसबी चार्जर, फ्रिजचा कॉम्प्रेसर. यूएस कोस्ट गार्डने 2018 मध्ये एलईडी दिव्यांबद्दल इशाराच काढला होता, की त्यांच्यामुळे व्हीएचएफ आणि एआयएस (जहाजांची जागा दाखवणारी यंत्रणा) बिघडतं. तपासणी सोपी आहे, व्हीएचएफ रेडिओ शांत चॅनलवर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) आवाज जेमतेम बंद होईल इतकाच फिरवा, मग एकेक दिवा लावा, खरखर सुरू झाली की चोर सापडला. टीव्हीच्या मेनूतल्या सिग्नल मीटरवर चॅनल 7 किंवा 9 लावून पॅनेलवरचे ब्रेकर एकेक करून पाडत गेलात तरी हेच कळतं, आणि टीव्हीच्या निमित्ताने तुमचा व्हीएचएफही सुधारतो, तो फायदा जास्त मोठा.

टीव्ही 12 व्होल्टवर थेट चालणारा घ्या, इन्व्हर्टर मध्ये नको, तोही गोंगाट करतो आणि बॅटरीही खातो. पण डब्यावर 12 लिहिलंय म्हणजे 12 च सोसतो असंही असतं. इंजिन किंवा चार्जर चालू असताना बोटीवर 14.4 च्या आसपास जातं, म्हणून मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर घाला.

बसवण्याआधी एक काम नक्की करा. अँटेना विकत घेतला की लगेच ड्रिल काढू नका, स्प्रेडरच्या (मास्टवरच्या आडव्या दांडीच्या) झेंड्याच्या दोरीला बांधून वर चढवून बघा, मग रेलिंगवर धरून बघा, दोन्हीकडे चॅनल मोजा. त्याच्याही आधी वीस-तीस डॉलरचा चपटा घरगुती अँटेना केबिनच्या खिडकीशी चिकटवून बघायलाही हरकत नाही, फायबरग्लासमधून सिग्नल आत येतो, मरीनात कित्येकांचं तेवढ्यावर भागतं. आणि प्रत्येक नवीन जागी नांगर टाकला की चॅनल परत स्कॅन करावे लागतात, टीव्हीमध्ये जुनी यादी न पुसता नवीन चॅनल जोडायची सोय असेल तर ती वापरा. रॅबिटइअर्स डॉट इन्फो या वेबसाइटवर अक्षांश-रेखांश आणि अँटेनाची उंची टाकली की कुठून काय येईल ते आधीच दिसतं.

सासऱ्यांचं मात्र आधीच स्पष्ट करून ठेवा. अँटेनावर बातम्या येतील, हवामान येईल, रविवारी अमेरिकन फुटबॉल येईल. मराठी मालिका येणार नाहीत आणि क्रिकेटही नाही, त्यासाठी फोनच्या हॉटस्पॉटवर स्ट्रीमिंग हाच मार्ग, बेमध्ये बहुतेक ठिकाणी रेंज मिळते. सॅटेलाइट टीव्हीचा फिरता डोम हजारो डॉलरचा आहे, महिन्यातून दोन वीकेंडसाठी मी तरी घेणार नाही.

उन्हाळ्यात दुपारनंतर तिकडे विजा जोरात होतात, ढग दाटले की टीव्हीच्या मागची केबल काढून बाजूला ठेवायची सवय आत्ताच लावा. आणि बोटीवर आधीच्या मालकाची जुनी केबल मास्टमधून आलेली दिसतेय का ते बघाल का? असली तर तिच्या अंगावर छापलेला नंबर वाचून इथे टाका, ती 75 ची आहे की 50 ची ते सांगतो, मग पुढचं ठरवू.