बोक्याची शू परत तुंबली, पीयू ऑपरेशन करू का? — आधी एक्स-रे मागा

तुमची पोस्ट वाचताना आमच्याच बोक्याबद्दल कुणीतरी लिहिलंय असं वाटलं. दोनदा शू तुंबली, दोन्ही वेळा कॅथेटर घालून मोकळी केली, आणि आता डॉक्टर म्हणतायत की उद्याच पीयू करून टाकू, म्हणजे पुढचा अरुंद भाग काढून मागचा रुंद मूत्रमार्ग शेपटीखाली उघडायचा. करावं का, एवढंच तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, एका बोक्याची उस्तवार केलेली बाई आहे, त्यामुळे त्या बेताने घ्या. बोक्याची शू बंद होणं ही इमर्जन्सी वगैरे तुम्हाला माहीतच आहे, ते सगळं सोडून देते.

मुद्दा एकच. एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये एक्स-रे हा शब्द एकदाही आलेला नाही. काढलाय का?

आमच्याकडे नव्हता काढला. मोठं क्लिनिक, नाव घेत नाही. ऑपरेशनवर हात बसलेला होता त्यांचा, ते मान्यच करते, टाके इतके सुबक होते की नंतर ज्याने ज्याने तपासलं त्याने कौतुक केलं. पण टाके निघाले तरी बोका आपला लिटर बॉक्समध्ये जाऊन बसतोय, उठतोय, परत बसतोय, आणि खाली बघावं तर गुलाबीसर एक थेंब. फोन केला की उत्तर ठरलेलं, आतली सूज आहे, उतरेल. मग एक अँटिबायोटिक, मग दुसरं, लघवीत जंतू आहेत का ते बघायची तपासणी, म्हणजे कल्चर, मात्र नाही. एक्स-रे काढू या का म्हटलं तर समोरचा हसला, अहो ऑपरेशन झालंय ना, आता तुंबायचा प्रश्नच नाही!

तुंबायचा प्रश्न नव्हताच, खडे मूत्राशयात तसेच होते. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलं काम एक्स-रेचं केलं आणि काळ्या फिल्मवर पांढरे गोल ठिपके कुणालाही दिसतील इतके स्वच्छ. परत भूल, परत पोट उघडलं, मूत्राशय चिरून खडे काढले आणि टाके घालायच्या आत एक्स-रे काढून काही राहिलं नाही ना ते बघितलं. राग ऑपरेशनचा नाही हो, पीयूने खडे होणं थांबत नाही आणि मूत्राशयाची सूजही बरी होत नाही, फक्त बाहेरचा रस्ता रुंद होतो, हे आम्हाला कुणी धड सांगितलंच नाही त्याचा आहे. जुनी फाईल मागायला गेलो तर हातात बिल ठेवलं. पहिल्या वेळी कॅथेटरमधून रेती आली की नुसता चिकट प्लग, कुठेच नोंद नाही.

बरं, खडे लॅबला पाठवले तर निघाले कॅल्शियम ऑक्झलेटचे. हे खाण्याने विरघळत नाहीत. स्ट्रुव्हाइटचे असतील तर खास डाएटवर बरेचदा काही आठवड्यांत विरघळतात, ऑपरेशनही टळू शकतं. आम्हाला त्या क्लिनिकने खडा न बघताच स्ट्रुव्हाइटवालं खाणं लावलेलं आणि आम्ही पिशव्यांवर पिशव्या आणतोय. म्हणून खडा निघाला तर फेकू देऊ नका, लॅबला पाठवा म्हणून आधीच सांगून ठेवा.

एक्स-रे सुद्धा नुसता पोटाचा नको, किडनीपासून शेपटीखालच्या भागापर्यंत अख्खा मार्ग आला पाहिजे, बऱ्याचदा नेमका शेवटचा तुकडा फिल्मबाहेर राहतो. युरेटसारखे काही खडे एक्स-रेत दिसत नाहीत, त्यासाठी सोनोग्राफी. काहीच सापडलं नाही तर बहुतेक वेळा कारण न सापडणारी मूत्राशयाची सूज निघते, त्यात ताणाचा मोठा वाटा असतो, आणि तिथे पाणी पोटात जाणं, ओलं खाणं, जास्तीचा लिटर बॉक्स, घरात शांतता ह्याचा उपयोग होतो. दुसऱ्यांदा तुंबली ती कॅथेटर काढल्यावर लगेच का, हेही विचारा, कारण सुरुवातीच्या दिवसांत सूज आणि मूत्रमार्ग आखडल्यामुळे परत तुंबणं बऱ्याच बोक्यांत होतं. तेवढ्यावरून लगेच पीयू, मला तरी घाई वाटते. पण पुढच्या भागात खडा रुतलाय आणि मागे ढकलला जात नाहीये, किंवा मार्ग आतून आकसलाय, किंवा सगळं करूनही सारखं तुंबतंय, तर करा, उगाच घाबरू नका. नंतर इन्फेक्शनचा धोका थोडा वाढतो, तेवढी लघवी अधूनमधून तपासायची.

केलंत तर टाके निघेपर्यंत गळ्यातली कॉलर काढायची नाही, साधारण 10 ते 14 दिवस, कितीही केविलवाणं बघू दे. लिटरऐवजी कागदाच्या पट्ट्या, माती टाक्यांना चिकटते. आणि जखमेवरची खपली पुसायला जाऊ नका, ती ओरबाडली गेली की ते नवं तोंड आकसायची भीती असते.

खाली कुणीतरी कुत्र्याचं विचारलंय, तिथे हिशोब वेगळा. कुत्र्यांत स्ट्रुव्हाइट बहुतेक इन्फेक्शनमुळे होतो, त्यामुळे अँटिबायोटिकला अर्थ असतो. मांजरांत तो बहुधा इन्फेक्शनशिवायच होतो. आणि दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल द्या लिहिणाऱ्याने कृपया ती कमेंट काढावी, मांजराला ते विष आहे.

तुमचा बोका आत्ता कॅथेटरवर आहे, शू वाहतेय, तुंबल्यामुळे वाढलेलं रक्तातलं पोटॅशियम खाली आलंय असं लिहिलंयत, म्हणजे एक्स-रेपुरता वेळ नक्की आहे. उद्या सकाळी भूल द्यायच्या आधी मागा. नाही म्हणाले तर तपासण्यांचे कागद घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, फक्त कॅथेटर काढून घरी नेऊ नका.