तिकिटं पाठवत बसलात, मुदत संपत आली

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं. लॅपटॉपवर विंडोज 11 ची इनसायडर आवृत्ती, म्हणजे बाजारात यायच्या आधीची चाचणीची, ‘बीटा’, टाकून घेतली होती. तिच्यावर नेहमीचा ऑनलाइन शूटिंग गेम चालवला आणि 9 मार्च 2024 ला गेमचं खातं कायमचं बंद झालं. कारण दिलं, ‘अनधिकृत सॉफ्टवेअर’. तीन वर्षांत स्किन (गेममधली सजावट) आणि बॅटल पास (हंगामी बक्षिसांचा पास) यांवर 38,400 रुपये घातलेले. कंपनीच्या सपोर्टला चौदा तिकिटं, म्हणजे ऑनलाइन तक्रारी, पाठवली. ऑगस्ट 2025 मध्ये ‘निर्णय अंतिम आहे’ असं उत्तर आलं. ‘मॅडम, बीटा वापरणं हा गुन्हा आहे का?’

नाही. पण हा प्रश्न तुम्ही दोन वर्षं स्वतःलाच विचारत बसलात आणि खरा प्रश्न राहून गेला. अशी पत्रं मला सतत येतात: खातं बंद, पैसे अडकले, कंपनी परदेशी. पैसे मोजून सेवा घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक, आणि तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. अटींमध्ये परदेशातल्या लवादाचं कलम असलं तरी सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या एम्मार-आफताब सिंग निकालानंतर ते ग्राहक आयोगाच्या आड सहसा येत नाही.

तुमचं सगळं प्रकरण अडकलंय ते ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 मध्ये. तक्रार दाखल करायची मुदत, तिचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कारण घडलं 9 मार्च 2024 ला, ऑगस्ट 2025 ला नव्हे. ‘अंतिम’ म्हणणारं ते उत्तर म्हणजे जुन्याच निर्णयाची उजळणी. त्याने घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. चौदा तिकिटांनी येत नाही आणि चाळिसांनीही आलं नसतं. ‘खातं आजही बंद आहे, म्हणजे अन्याय रोज चालूच आहे’ हा युक्तिवाद तुम्ही कुठेतरी वाचलाय असं दिसतं. बंदी घालण्याची कृती एकदाच झाली, चालू आहे तो तिचा परिणाम. एखादा आयोग सौम्यपणे बघेलही, मी त्यावर पैज लावणार नाही. शिवाय समोरच्याने मुद्दा काढला नाही तरी मुदत आयोगाने स्वतःहून तपासायची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच बजावलंय. उशीर माफ होतो, पण ‘पुरेसं कारण’ लागतं आणि ‘सपोर्टच्या उत्तराची वाट पाहत होतो’ हे कारण मला तरी मांडायला आवडणार नाही.

म्हणजे शेवटचा दिवस 9 मार्च 2026, सोमवार. जानेवारी 2026 मध्ये हे लिहिताना हातात जेमतेम सात आठवडे. त्यातला एकही पंधराव्या तिकिटावर घालवू नका. वकिलाची नोटीस पाठवायची तर पाठवा, पंधरा दिवसांची. कायद्याने ती सक्तीची नाही आणि तिच्याने मुदत वाढत नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर दाखल होते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीला शुल्क नाही. कागदात त्रुटी निघतात, फाइल परत येते, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दाखल करायचीच असं धरून चला. कायदा म्हणतो, निकाल शक्यतो तीन महिन्यांत. तो ‘शक्यतो’ शब्द फार कामाचा आहे. मी तीन महिन्यांत प्रतिवादीला नोटीस मिळाल्याची पोच परत आलेली पाहिली की पेढे वाटते.

तक्रार लिहिताना एक सांभाळा. तुम्हाला ‘करार अन्यायकारक आहे’ असं लिहायची हौस आहे, पत्रासोबतच्या तक्रारीच्या मसुद्यात तीनदा लिहिलंय. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे चालत नाही, ती राज्य आयोगाकडे जाते. 38 हजारांसाठी मुंबईच्या फेऱ्या कशाला? ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढंच ठेवा आणि पुण्यातच लढा. स्पर्धांमधून मिळू शकलं असतं ते उत्पन्नही मागू नका. त्यावरून गेम ‘व्यावसायिक हेतूने’ खेळत होतात असा वाद निघेल आणि सात आठवड्यांत तो सोडवायला वेळ नाही. विंडोजच्या कंपनीला प्रतिवादी करायचा विचार सोडा. इनसायडर आवृत्ती फुकट मिळते आणि ‘जशी आहे तशी’ अशा अटीवर मिळते. पावतीवर ज्या कंपनीचं नाव आहे तिलाच धरा.

आता प्रकरणाच्या गुणवत्तेवर, म्हणजे बंदी योग्य होती का यावर. अशा गेमचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतं आणि कुठले ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) डिजिटल सही केलेले आहेत ते बघतं. अशा अपूर्ण आवृत्तीवर त्याचा गोंधळ होऊ शकतो, हे खरं आहे. त्या मशीनवर गेम सुरूच होऊ द्यायचा नाही, हा कंपनीचा अधिकार मला पटतो. पण फसवणूक केल्याचा शिक्का मारून सगळं कायमचं काढून घ्यायचं आणि कारण दोन शब्दांत सांगायचं, ही वेगळी गोष्ट झाली. युक्तिवाद इथे आहे. स्किन ‘विकत’ नसतात, वापरायचा परवाना असतो, असं ते म्हणतील. त्यामुळे पूर्ण रक्कम मिळेल असं धरू नका.

बंदीनंतर आठवड्याभरात तुम्ही लॅपटॉप फॉरमॅट केलात. गेमचे लॉग, अपडेटचा इतिहास, सगळं गेलं. का केलंत, ते पत्रात नाही. उरला तो पहिल्या तिकिटाला जोडलेला, मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो. त्यात बंदीचा संदेश आहे, कपात अर्धा चहा आहे, आणि उजव्या कोपऱ्यात खाली फिकट अक्षरांत विंडोजच्या बिल्ड (आवृत्ती) क्रमांकाच्या वर ‘टेस्ट मोड’ असं लिहिलंय. याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. टेस्ट मोड बीटाबरोबर आपोआप येत नाही, तो मुद्दाम चालू करावा लागतो, म्हणजे अधिकृत सही नसलेले, चाचणीच्या सहीचे ड्रायव्हर चालतात. जुन्या साउंड कार्डासाठी केला असेल तर तसं शपथपत्रात लिहा, कार्डाची पावती जोडा. ‘अनधिकृत सॉफ्टवेअर’चं उत्तर तिथेच आहे. मेल, पावत्या आणि हा फोटो यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लावा, हॅश क्रमांकासह (फाइल बदललेली नाही हे त्यावरून कळतं).

आणि तो कोपरा कापून फोटो लावायचा विचार मनात आला असेल तर सोडून द्या. अख्खा फोटो मार्च 2024 पासून कंपनीकडे पडून आहे, तुम्हीच पाठवलेला.