केलॉइड काढल्यावर रेडिएशन कधी आणि किती?

कानाच्या पाळीवरचा केलॉइड (जखमेच्या जागेबाहेर वाढत गेलेला जाड, फुगीर व्रण) पुण्यात काढून घेणार आहात आणि रेडिएशन टाके निघाल्यावर घेतलं तर चालेल का, असं विचारलंय. नाही चालणार. टाके निघेपर्यंत कानाला सात-आठ दिवस जातात. पहिला डोस शक्यतो ऑपरेशननंतर 24 तासांच्या आत हवा, कारण व्रण फुगवणाऱ्या पेशी तेव्हाच वाढू लागतात. नुसतं कापलं तर निम्म्याहून जास्त केलॉइड परत येतात.

म्हणून आधी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टची (रेडिएशन देणाऱ्या डॉक्टरची) तारीख घ्या, मग प्लास्टिक सर्जनची. ऑपरेशन सोमवारी किंवा मंगळवारी ठेवा. शुक्रवारी केलं की शनिवार-रविवारी मशीन बंद आणि मोक्याची वेळ हातची जाते. पाळीला साधारण 10 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) दोन दिवसांत पुरतात, छाती-खांद्याच्या त्वचेला ताण जास्त म्हणून 18 ते 20 ग्रे, तीन-चार दिवसांत. यासाठी वापरतात ते इलेक्ट्रॉन किरण त्वचेच्या वरच्या भागातच थांबतात, खोल जात नाहीत. टाक्यांच्या रेषेभोवती सुमारे एक सेंटीमीटर जागा सोडून बाकीचं शिशाने झाकतात. दुखत नाही.

त्वचा काही महिने काळवंडते. गरोदरपणात हे देत नाहीत, लहान मुलांना शक्यतो टाळतात. आणि त्या कानाला पुन्हा भोक पाडू नका, अगदी लग्नकार्यासाठीसुद्धा.